पेन्शन कुणाची?

नवरा गेल्यावर बायकोच्या खात्यात दरमहा जी रक्कम येते, तिला आपण सगळ्याजणी ‘ह्यांची पेन्शन’ म्हणतो. चार-पाच वर्षं उलटली तरी शब्द तोच. बोलण्यात त्यानं काही बिघडत नाही, पण आयकराचं विवरणपत्र भरताना बिघडतं.

ज्यानं नोकरी केली त्याची स्वतःची पेन्शन कायद्याच्या दृष्टीनं पगारच. त्याच्या माघारी पत्नीला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन मात्र पगार नव्हे, कारण त्या कचेरीत ती कधी नोकरीला नव्हती. ते ‘इतर स्रोतांपासून उत्पन्न’ या सदरात, तिच्या पॅनवर दाखवायचं. पगारदाराला नव्या करपद्धतीत ७५,००० रुपयांची वजावट आहे. हिला रकमेचा एक तृतीयांश किंवा २५,००० रुपये, यांत जे कमी असेल तेवढंच. जुन्या पद्धतीत तर १५,००० च.

आमच्या शेजारच्या वहिनींचं उदाहरण घेते. महिना ४८,००० प्रमाणे वर्षाचे ५,७६,०००, ठेवींचं व्याज १,९०,०००. २०२४-२५ चा हिशेब. पेन्शन पगारात दाखवून ७५,००० वजा केले की उत्पन्न सात लाखांच्या आत येतं, कर शून्य, आणि बँकेनं व्याजावर कापलेले १९,००० परत. योग्य सदरात दाखवली तर उत्पन्न ७,४१,०००, कर उपकरासह २५,०६४, म्हणजे कापलेले जाऊन वर आणखी सहा हजार भरायचे. एका रकान्याचा फरक पंचवीस हजारांचा! फॉर्म भरून देणारा म्हणाला, “पेन्शनर लिहितो की काकू, सगळे तसंच करतात.” कुटुंब निवृत्तिवेतनावर बँक कर कापत नाही, त्यामुळे कुणाच्या लगेच लक्षातही येत नाही.

वहिनी पैशाला हपापलेल्या नाहीत. त्यांचा राग वेगळाच होता. “तीस वर्षं ते राबले. पहाटे साडेपाचला डबा मी दिला, बदलीच्या गावी संसार मी मांडला. आणि सरकार ह्याला ‘इतर’ म्हणतं?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि तो खोटाही नाही. घर सांभाळणाऱ्या बाईचे कष्ट आयकराच्या कुठल्याच रकान्यात बसत नाहीत, मीही त्यांतलीच. कायदा अगदीच आंधळा आहे असंही नाही. रणभूमीवर कर्तव्य बजावताना गेलेल्या सैनिकाच्या पत्नीचं कुटुंब निवृत्तिवेतन तो पूर्ण करमुक्त ठेवतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या या बेळगावात ते सांगायला नको. म्हणजे ठरवलं तर सवलत देता येते. ती मागावी, खासदाराला पत्र लिहावं, महिला मंडळानं ठराव करावा. पण मिळालेली नसताना आपल्या हातानं घेऊन टाकायची, याला काय म्हणायचं?

आपल्याकडे अचौर्याच्या अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ आहे. प्रवचनात तो व्यापाऱ्यांना उद्देशून सांगितला जातो आणि आपण बायका निवांत ऐकतो, जणू तराजू फक्त दुकानात असतो. कंदमुळं वर्ज्य करणं त्या मानानं सोपं. भाजीवाल्याला ‘नको’ म्हटलं की झालं.

मला चोरीपेक्षाही दुसरी गोष्ट जास्त खुपते. पेन्शन ‘ह्यांची’ म्हटली की तिच्याबद्दल आपण काही ठरवायचं नसतं, असंच आपण धरून चालतो. पासबुक मुलाकडे, पासवर्ड जावयाकडे. आपलं काम एवढंच की फोनवर आलेला सहा आकडी ओटीपी वाचून दाखवायचा. तो ओटीपी म्हणजे आपली सही. ‘वरील माहिती खरी आणि पूर्ण आहे’ हे त्या फॉर्मवर आपल्या नावानं लिहिलेलं असतं, मुलाच्या नाही. ज्या वर्षी मृत्यू होतो त्या वर्षी तर विवरणपत्रं दोन लागतात: त्या तारखेपर्यंतच्या त्यांच्या उत्पन्नाचं, वारस म्हणून, आणि नंतर सुरू झालेल्या पेन्शनचं, स्वतःचं. तारीख उलटली की ती रक्कम आपली. ‘इतर’ हा शब्द मलाही बोचतो. पण त्या फॉर्मवर ते उत्पन्न माझं म्हणून लिहिलं जातं ते त्याच सदरात.

वहिनींनी दोन दिवस विचार केला. मग त्या माणसाला म्हणाल्या, “खाली घ्या ते. आणि ओटीपी विचारायच्या आधी पान मला दाखवा.” सहा हजार भरले, आणि खासदाराला पत्र कसं लिहायचं ते विचारायला रविवारी आमच्याकडे येणार आहेत.