भिंतीवरील तारीख

आमच्या लहानपणी मराठवाड्यातील आमच्या गावी हिवतापाची माणसे पंप घेऊन येत, घरोघर भिंतींवर डीडीटी फवारीत आणि जाताना दाराशेजारी तारीख लिहून ठेवीत. आजीस त्या वासाचा तिटकारा होता. तरी तिने दार कधी लावून घेतले नाही. हिवतापाने गेलेली माणसे तिने पाहिली होती. १९४७ च्या सुमारास या देशात दरसाल साडेसात कोटी लोकांस हिवताप येई व आठ लाख दगावत, असा अंदाज आहे. १९५३ साली राष्ट्रीय मोहीम निघाली आणि १९६५ पर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या घरात उतरली. हे पुण्य लहान नव्हे.

पुढे निराळेच कळले. शरीरातील ग्रंथी अंतःस्रावांच्या द्वारा दूरच्या अवयवांस निरोप धाडतात. निरोप ज्या कुलपात बसावयाचा, तेथेच डीडीटीपासून बनणारा डीडीई जाऊन बसतो व पुरुष-अंतःस्रावाची वाट अडवितो, असे १९९५ साली प्रयोगांत दिसून आले. विष मात्रेवर अवलंबून, हा जुना नियम येथे अपुरा पडतो; मात्रेइतकीच वेळ महत्त्वाची. प्रौढास जे सोसते, ते गर्भाची घडण बदलू शकते. शिवाय हा पदार्थ चरबीत वर्षानुवर्षे मुक्काम करतो व आईच्या दुधावाटे लेकराकडे जातो.

मग आजीने दार लावावयास हवे होते काय? तसे आम्हांस म्हणवत नाही. परंतु नातू ज्याने वाचला, त्याची किंमत पणतूने द्यावी, आणि त्यास कोणी विचारलेलेही नसावे! नातूच नसता तर पणतू कोठून, असा एक युक्तिवाद आहे. वर्गात तो आम्ही मांडतो, विद्यार्थ्यांस आवडतोही. आम्हांस मात्र तो वकिली वाटतो.

भिंतीवरचा फवारा आणि पिकावरचा फवारा यांत मात्र भेद केलाच पाहिजे. ससाण्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होत असल्याचे रॅटक्लिफ यांनी १९६७ साली इंग्लंडात दाखविले. अमेरिकेने १९७२ साली बंदी घातली. आपल्याकडे शेतीतील वापर थांबविण्यास १९८९ उजाडले. त्या सतरा वर्षांना आजीची सबब लागू पडत नाही. शेतकऱ्यास दोष देणे सोपे. पण त्यास हे सांगणार कोण होते? वाचणारे आम्हीच होतो.

आम्ही छत्रपती संभाजीनगरचे लोक पाणी पितो ते पैठणच्या नाथसागराचे, म्हणजे वरच्या कितीतरी शेतांवरून वाहत आलेले. परवा धाकट्या मुलीने पेला पुढे केला, तेव्हा तो आम्ही नेहमीप्रमाणेच भरून दिला.