प्याल्यात काय आहे?



आमच्या शब्बाथ शाळेतील एका शिक्षिकाबाईंनी मध्यंतरी आम्हांपुढे एक प्रश्न आणून ठेवला. त्यांच्या वर्गातील दहा वर्षांचा एक मुलगा येथे हैदराबादेत कॅथलिक शाळेत शिकतो. बाकावर शेजारी बसणाऱ्या मित्राने त्याला सांगितले, "आमच्या चर्चमध्ये प्रभूचे खरे रक्त असते, तुमच्याकडे नुसता रस." मुलाने बाईंना विचारले, "मग आपण काय पितो?" बाई म्हणाल्या, "आपण प्रभूची आठवण करतो, बाळा." त्यावर तो म्हणाला, "आठवण तर फोटो पाहूनही होते."

बाई निरुत्तर झाल्या. डिप्लोमाच्या परीक्षेत याच विषयावर चार पाने लिहिणारे आम्हीही क्षणभर गप्प राहिलो. पुढे बाईंनी हळूच सांगितले की, मुलाची आई माहेरची कॅथलिक आहे. ती सकाळी मिस्साला जाऊन येते आणि मग पतीबरोबर आमच्या उपासनेला बसते. तेव्हा हा वाद शाळेच्या बाकावरचा नव्हे, घरातला आहे.

या शहरात गनफाउंड्रीचे सेंट जोसेफ कॅथीड्रल आणि चॅपल रोडवरील मेथडिस्ट मंदिर यांच्यामध्ये पायी थोडेच अंतर आहे. परंतु त्या थोड्या अंतरात कित्येक शतकांचे भांडण आहे, आणि ते काय आहे हे आपणांपैकी पुष्कळांना धड ठाऊक नसते. "ते मूर्तिपूजक" एवढे म्हणून आपण मोकळे होतो. हे बरे नव्हे.

कॅथलिक शिकवण अशी की, धर्मगुरूने प्रभूचे शब्द उच्चारल्यावर भाकरीचे व द्राक्षारसाचे रूप, रंग व चव तीच राहते, पण त्यांचे मूळ तत्त्व पालटून ते ख्रिस्ताचे शरीर व रक्त होते. १२१५ साली रोममधील लॅटरन धर्मसभेने या पालटाचा शब्द वापरला आणि १५५१ साली ट्रेंट येथील धर्मसभेने ती शिकवण पुन्हा ठाम केली. यातून एक चमत्कारिक गोष्ट घडली. ज्या प्याल्याचा एवढा सन्मान, तोच सामान्य भाविकांच्या हातून गेला. रक्ताचा थेंब सांडेल ही भीती होती; शिवाय भाकरीतही संपूर्ण ख्रिस्त आहेच, मग प्याल्यावाचून काय अडते, असा युक्तिवाद होता. बोहेमियातील सुधारकांनी प्याला सर्वांस द्यावा असा आग्रह धरला, तेव्हा १४१५ साली कॉन्स्टन्सच्या धर्मसभेने त्यास मनाई केली. त्याच सभेने त्याच वर्षी जुलैच्या ६ तारखेस यान हस यास जाळले. त्याच्यावरील आरोप दुसरेही होते; पण पुढे त्याच्या अनुयायांनी प्याला हीच आपली खूण केली. आपल्या पाळकसाहेबांनी पेल्यांचे तबक फिरविले की आपण ते सहज पुढे देतो. त्या पेल्यासाठी माणसे मेली आहेत, हे शब्बाथ शाळेत एकदा तरी सांगावे.

येथपर्यंत आपणांस अभिमान वाटेल. आता पुढचे ऐका. १५२९ च्या ऑक्टोबरात मारबुर्ग येथे लूथर व झ्विंग्ली एकत्र बसले. पंधरा कलमांपैकी चौदा त्यांनी मान्य केली. अडले ते प्रभुभोजनावर. लूथरने प्रभूचे शब्द मेजावर खडूने लिहून ठेवले आणि "आहे" या एका क्रियापदावरून तो तसूभरही हलला नाही. झ्विंग्ली म्हणे, येथे "आहे" म्हणजे "दर्शविते". पुढे कॅल्विनने शिकविले की, रस रसच राहतो, तरी पवित्र आत्म्याच्या द्वारे विश्वासणारा खरोखर ख्रिस्ताचा भागीदार होतो. म्हणजे "नुसती आठवण" हे आपल्यातील एका बाजूचे मत आहे, सर्वांचे नव्हे. बाईंनी मुलाला जे सांगितले ते झ्विंग्लीचे, आणि तेही अर्धेच.

पवित्र शास्त्र काय म्हणते? १ करिंथ १०:१६ मध्ये पौल प्याल्याला ख्रिस्ताच्या रक्ताची सहभागिता म्हणतो. फोटोत सहभागी होता येत नाही, म्हणून मुलाची शंका रास्त होती. त्याच पौलाने पुढच्या अध्यायात अयोग्य रीतीने पिणाऱ्यास कडक इशारा दिला आहे. नुसत्या खुणेसाठी इतका कडक इशारा कोण देईल?

आता रसाविषयी. शुभवर्तमानांत त्या प्याल्याच्या संदर्भात द्राक्षवेलीच्या उपजाचा उल्लेख आहे (मार्क १४:२५). काही बांधव म्हणतात, तो न आंबलेला रसच होता. आम्हांस हे पटत नाही. वल्हांडण वसंतात येतो, द्राक्षांचा तोडा उन्हाळ्याच्या अखेरीस; इतके महिने रस न आंबता ठेवणे तेव्हा सोपे नव्हते. आणि करिंथ येथे भोजनाच्या वेळी काहीजण मस्त झाले होते (१ करिंथ ११:२१). ते रसाने होत नाही. न आंबणारा रस मंडळ्यांना मिळाला तो १८६९ मध्ये, अमेरिकेतील थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने तो तापवून टिकविला तेव्हापासून. तरीही आमच्या मते तो वापरणे योग्य आहे. कारण आमच्या मंडळीत एक बंधू आहेत, बारा वर्षे दारूला न शिवलेले. त्यांच्यासाठी प्याल्यातला एक घोट म्हणजे मृत्यूचे दार. कॅथलिक मंडळीचा १९८३ चा नियम सांगतो की द्राक्षारस द्राक्षांचा, नैसर्गिक व न बिघडलेला असावा. तरी ज्या धर्मगुरूस दारू चालत नाही त्यास आंबणे थांबविलेला ताजा रस वापरण्याची परवानगी बिशप देऊ शकतात. ही दया दोन्हीकडे आहे, हे लक्षात ठेवा.

आपल्या वडीलधाऱ्यांनी तर याहून साधा मार्ग काढला होता. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, सकाळी उकळून गाळायच्या. एके काळी अनाबेशाही द्राक्षांचे मळे या शहराच्या आसपास होते. पण ताजी द्राक्षे वर्षभर नसतात, मनुका असतात. १९९५ साली आंध्र प्रदेशात दारूबंदी आली तेव्हा आम्ही शाळकरी होतो. आमच्या आईच्या पातेल्याला कोणताही परवाना लागला नाही. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात मात्र धर्मविधीच्या द्राक्षारसासाठी वेगळे कलम, ४५ वे, घालावे लागले. मनुकांचे ते पाणी कॅथलिक नियमात बसणार नाही. आम्हांस मात्र त्यात प्रभू भेटला, हे आम्ही कोणाच्या भीतीने नाकारणार नाही.

१९८२ साली पेरू देशातील लिमा येथे जागतिक मंडळी परिषदेच्या एका आयोगाने या विषयावर एक निवेदन मान्य केले. त्या आयोगात कॅथलिक पंडितही सदस्य होते. त्यांत "स्मरण" याचा अर्थ गतगोष्ट मनात आणणे एवढाच नव्हे, तर प्रभूचे कार्य आज आपल्यामध्ये प्रभावी असणे, असा धरला आहे. तरी मेज अजून एक झालेले नाही. सर्वसाधारणपणे त्यांच्या वेदीवर आपणांस मिळत नाही, आणि आपल्याकडे आले तरी त्यांना ते घेता येत नाही. याचे दुःख घरात किती असते हे ज्यांच्या घरात आहे त्यांनाच कळते. लग्नाच्या मिस्सात रांगेत उभा राहिलेला आमचा एक वयोवृद्ध नातेवाईक वेदीपाशी पोचल्यावर परत वळला, तेव्हा त्याचे खाली गेलेले तोंड आम्ही विसरलो नाही. फादरांचा त्यात दोष नव्हता. त्यांनी नियम पाळला. आम्हीच त्यास आधी सांगायला हवे होते.

बाईंना आम्ही म्हटले, मुलाला सांगा: तुझा मित्र म्हणतो की तेथे प्रभू आहे, आणि तो खरे बोलतो. आपणही म्हणतो की येथे प्रभू आहे. तो प्याल्यात कसा येतो यावर मोठी माणसे भांडली आहेत, आणि आमचे मत असे की रस रसच राहतो. पण प्रभू येतो. आणि मित्राला चिडवू नकोस; घरी आई आहे.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी तो मुलगा आईजवळ बसला होता. तबक त्यांच्या बाकाशी आले. आईने ते दोन्ही हातांनी धरले, डोके लववले, आणि स्वतः न घेता पतीकडे दिले. मुलगा तिच्या हातांकडे पाहत होता.