‘चाला’ म्हणण्याचा अधिकार

नोकरीनिमित्त जबलपुरास येऊन राहिलेल्या मराठी माणसांस ग्वारीघाटावरील परिक्रमावासी परिचयाचे आहेत. नर्मदेला उजव्या हाती ठेवून पायी निघालेल्या ह्या मंडळींत साठी उलटलेलीही पुष्कळ असतात. त्यांना ‘चाला’ असे कोणास सांगावे लागत नाही. पण ह्याच शहरात एखाद्या घराच्या मागल्या खोलीत, स्किझोफ्रेनियाने वर्षानुवर्षे ग्रासलेला त्याच वयाचा गृहस्थ खाटेवरून उठत नाही. त्याला उठवावे काय, हा प्रश्न आम्हांला वैद्यकाइतकाच नीतीचाही वाटतो.

वैद्यकाचे उत्तर सरळ आहे. तीव्र मानसिक आजाराची माणसे इतरांहून १० ते २० वर्षे आधी दगावतात, आणि त्यांपैकी पुष्कळांचा बळी हृदयविकारासारखी शरीराची दुखणी घेतात. मन स्थिर करणारी काही औषधे वजन आणि रक्तातील साखर वाढवितात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढील माणसांस आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला. थोडी हालचालही मुळीच नसण्यापेक्षा बरी, हेही सांगितले.

परंतु त्याची इच्छाच नसेल तर? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णालयात रुग्णाला सक्तीने कामास लावण्याची मनाई केली, ती उगाच नव्हे. उपचाराच्या नावाखाली राबवून घेणे फार सोपे असते. म्हणून सक्ती आम्ही त्याज्यच मानतो. मात्र ‘त्यांना नको आहे ना, राहू द्या’ हे घरोघर ऐकू येणारे वाक्य आम्हांला तितकेच संशयास्पद वाटते. त्यात आदर थोडा आणि सोय फार. आरंभ करण्याची उमेदच हिरावून घेणे हे ह्या आजाराचे एक लक्षण आहे. तेव्हा प्रत्येक नकार त्या माणसाचाच असतो, असे कसे म्हणावे? आणि कोणता नकार आजाराचा, हे ठरविणारे आपण तरी कोण?

ह्याचा निवाडा आम्हांस करता येत नाही. एवढे मात्र दिसते की, सांगणारा स्वतः खुर्चीतून उठला म्हणजे आज्ञेचे आमंत्रण होते. आपण अधिकारी मंडळी शेरा मारून फाइल पुढे सारणारी. घरीही तीच सवय येते. ‘फिरायला जात जा’ हा शेराच झाला. ‘अण्णा, भाजी आणायला निघालोय, येता का?’ हे निराळे. नाही म्हणाले तर तो नकार त्या संध्याकाळपुरता धरावा, आणि उद्या पुन्हा विचारावे.

उभे राहताच ज्यांना भोवळ येते त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या औषधांविषयी आधी डॉक्टरांस विचारावे. तोवर खुर्चीत बसून हातपाय हलविले तरी पुरे.