दैव पाचवं

"ताई, तुमच्या गाडीखाली ओलं दिसायलंय. खाली येऊन बघता का जरा?"

दसऱ्याची रात्र, साडेदहा वाजलेले. इंटरकॉमवर आमच्या गेटवरचे मामा. सकाळीच मी गाडी धुतली होती, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, झेंडूची माळ बांधली होती, चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला साताऱ्याला निघायचं होतं. तिथे माझी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आत्या असते, तिला सोनं द्यायला मी दरवर्षी जाते.

"एसीचं पाणी असेल हो, मामा."

"पाणी न्हाई ताई. बोटाला बुळबुळीत लागायलंय."

त्यांनी बोट लावून पाहिलं होतं, म्हणून मी खाली गेले.

मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूनं टायरवर एक ओघळ उतरला होता आणि फरशीवर तळहाताएवढा डाग पडला होता. मामांनी बॅटरी धरली, मी बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची पातळी बाटलीवरच्या खालच्या रेघेच्याही खाली गेली होती. ही बाटली अर्धपारदर्शक असते. झाकण न काढता नुसतं पाहिलं तरी कळतं. पण सकाळी स्वस्तिक काढताना बॉनेट उघडावं असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं ड्रम उघडला. व्हील सिलिंडरमधलं रबर झिजलं होतं, ऑइल झिरपून ब्रेक शू भिजले होते. "घाट उतरताना जोरात ब्रेक मारला असता तर गाडी एका अंगाला ओढली असती," एवढंच तो म्हणाला. खंबाटकीचा घाट उतरताना, मागे भरलेला ट्रक असताना गाडी एका अंगाला ओढली जाणं म्हणजे काय, हे साताऱ्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आत्याला फोन करून उशिराचं कारण सांगितलं. ती म्हणाली, "देवानं राखलं गं पोरी." मी "हो" म्हटलं आणि ते मनापासून म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र ते वाक्य मला सोडेना. देवानं राखलं, म्हणजे नेमकं कुणी राखलं?

बत्तीस वर्षं मी शाळेत संस्कृत शिकवलं. योगक्षेम हा शब्द फळ्यावर किती वेळा लिहिला असेल! योग म्हणजे जे नाही ते मिळवणं, क्षेम म्हणजे मिळालेलं राखणं. शंकराचार्यांच्या भाष्यात हीच फोड आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत अनन्य भक्ताला सांगतात, की या दोन्हींचा भार मी वाहतो. आयुर्विमा महामंडळाचं ब्रीदवाक्य तिथूनच आलेलं. एकदा नववीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, देव राखतो तर दाराला कुलूप कशाला?" वर्ग हसला. मीही "आपण आपलं काम करावं" असं काहीतरी सांगून पुढच्या श्लोकाकडे वळले. त्या मुलीला उत्तर देणं राहून गेलं आहे.

उत्तराची सुरुवात मला गीतेतच सापडली, अठराव्या अध्यायात. कोणतंही कर्म तडीस जायला पाच कारणं लागतात, असं तिथे सांगितलं आहे: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. म्हणजे जागा, करणारा, साधनं, नाना प्रकारची खटपट. आणि मग दैव. गीता स्पष्ट म्हणते, की दैव पाचवं. त्या रात्रीवर मी ही मोजणी लावून पाहिली. जागा पार्किंगची. करणारे मामा. साधन त्यांची बॅटरी आणि त्यांचं बोट. खटपट म्हणजे दर दोन तासांनी मारलेली चक्कर आणि प्रत्येक गाडीखाली टाकलेला उजेड. आणि मग पाचवं, जे कुणाच्याच हातात नाही: ओघळ नेमका त्याच रात्री फरशीवर उतरला, घाटात उतरला नाही. मी मात्र आधीच्या चारही जागा मोकळ्या सोडल्या होत्या आणि पाचव्याच्या गळ्यात माळ घातली होती.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं असं नाही. माझे वडील एसटीच्या साताऱ्याच्या डेपोत मेकॅनिक होते. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली, त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी बाबा नोकरीला लागले. घरी आमची गाडी नव्हती, पण शेजाऱ्यांच्या जीपखाली ते रात्री पुठ्ठा सरकवून ठेवत आणि सकाळी मला हाताला धरून दाखवायला नेत. काळा डाग इंजिन ऑइलचा. हिरवट, चिकट डाग कूलंटचा. फिकट, बुळबुळीत डाग ब्रेक ऑइलचा. तो दिसला की गाडी हलवायची नाही. गार इंजिनाची, सपाट जागी उभ्या गाडीची डिपस्टिक काढायची, पुसायची, पुन्हा घालायची आणि मग वाचायची. पहिल्यांदा काढलेली कांडी खोटं सांगते. टायरची हवा चाकं गार असताना मोजायची. रेडिएटरच्या झाकणाला गरम असताना हात लावायचा नाही. आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, कारण ते हवेतली ओल पितं. बाटली भरलेली दिसते, पण आतलं ऑइल पाणचट होत जातं. मग लांब उतारावर ब्रेक तापले की त्या ओलीची वाफ होते आणि पायाखालचं पेडल पोकळ लागतं.

त्या पाणचट होत जाणाऱ्या ऑइलची आठवण झाली की मला प्रमाद हा शब्द कळतो. मराठीत आपण प्रमाद म्हणजे चूक, अपराध असं म्हणतो. मुळात त्याचा अर्थ बेसावधपणा. पतंजलींनी योगाच्या वाटेवरचे नऊ अडथळे मोजले, त्यांत प्रमाद आहे. भगवान बुद्धांनी देह ठेवण्यापूर्वी भिक्खूंना जो शेवटचा उपदेश केला तो अप्रमादाचा, म्हणजे सावध राहून साधना पुरी करण्याचा. या थोरांनी बेसावधपणाला एवढं महत्त्व का दिलं असेल? कारण पाप करताना निदान आपल्याला कळतं. बेसावधपणा ओलीसारखा आत शिरतो आणि बाहेरून बाटली भरलेलीच दिसते.

एका पावसाळ्यात बाबांनी तपासून सोडलेल्या गाडीवर घाटात दरड कोसळली. दोन माणसं गेली. गाडीत काहीच दोष नव्हता, चौकशीतही तसंच निघालं. बाबा तीन रात्री झोपले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघाले. आई म्हणाली, "एवढं तपासून शेवटी काय झालं?" बाबा चप्पल घालत म्हणाले, "दरड त्याची. नटबोल्ट माझे." मी तेव्हा बारा वर्षांची होते. गीता शिकवायला लागल्यावर मी पुष्कळ भाष्यं वाचली. दैव पाचवं म्हणजे काय हे इतक्या थोडक्यात मला दुसऱ्या कुणी सांगितलं नाही. ज्याचं त्याच्यावर सोडायचं, पण आपले चार भाग पुरते करून मग सोडायचं. आधीच सोडून दिलं तर ती श्रद्धा होत नाही. आपलं ओझं देवाच्या अंगावर टाकणं होतं.

आपल्या भाषेनं हा भेद फार नेमका पकडला आहे. आपण काळजी करतो आणि आपण काळजी घेतो. शब्द एकच, क्रियापद बदललं की माणूस बदलतो. काळजी करणारा डोळे मिटून जागा असतो. काळजी घेणारा उठतो, वाकतो, बोट लावून पाहतो. आमच्या अठ्ठावीस घरांच्या सोसायटीत गेल्या काही वर्षांत आम्ही काळजी पुष्कळ केली. सोळा कॅमेरे लावले, गेटला आडवा दांडा बसवला, येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद मोबाइलवर घ्यायला लागलो. त्याचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. पण माझ्या चाकावरचा ओघळ त्या कॅमेऱ्यांनाही दिसत होता. ते पाहत होते, आणि त्यांना काही वाटत नव्हतं.

आणि त्याच कॅमेऱ्यांनी मामांवर ठपका आणला.

दसऱ्यानंतरच्या रविवारी कमिटीची बैठक होती. मी सोसायटीची सेक्रेटरी. पहिलाच विषय: रात्री दोन वाजून दहा मिनिटांपासून पंचवीस मिनिटं गेट मोकळं. चित्रीकरण सगळ्यांनी पाहिलं. एजन्सीला पत्र लिहावं, पगारातून कापून घ्यावं, माणूस बदलावा, असं ठरत आलं होतं. मी मामांना वर बोलावलं. ते दारातच उभे राहिले. आत या म्हटलं तरी चपला काढून उंबऱ्यापाशीच थांबले. खाली मान घालून म्हणाले, "पंपावर गेलो होतो ताई. पोट बिघडलं होतं."

कोपऱ्यापलीकडच्या पेट्रोल पंपावर. बारा तासांची पाळी, आणि त्या माणसाला शौचाला जायला आमच्या इमारतीत जागा नव्हती. खरं तर होती. बिल्डरनं जिन्याखाली एक संडास बांधून दिला होता. त्यात आम्ही रंगाचे रिकामे डबे, मोडकी सायकल आणि गणपतीचं जुनं मखर भरून ठेवलं होतं. त्याच्या कुलपाची किल्ली माझ्या घरात, दारामागच्या खिळ्याला लटकत होती. सहा वर्षं.

खाजगी सुरक्षारक्षकांसाठी राज्यात १९८१ पासून कायदा आहे, देशभरासाठी २००५ चा आहे. पण त्या क्षणी मला कायदा आठवला नाही. मला मंगळवेढा आठवलं. संत चोखोबा तिथे गावकुसाच्या कामावर होते. सगळ्या गावाचं रक्षण करणारी ती भिंत, आणि ती बांधणाऱ्यांची घरं तिच्याबाहेर. १३३८ साली ती भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या, असं परंपरा सांगते. समाधी झाली ती महाद्वारासमोर, दाराशी. त्यांच्या दलित बांधवांना त्या दारातून आत जायला १९४७ साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. गावाच्या वेशीवर पहारा देणारा येसकरही असाच. वेस त्यानं राखायची आणि राहायचं मात्र वेशीबाहेर. वर्गात हे सांगताना माझा आवाज भरून येत असे. पण ज्यानं आपल्याला राखायचं त्याला बाहेर ठेवायचं, ही आमची जुनी रीत माझ्याच दारामागच्या खिळ्याला लटकत होती, हे मला दिसलं नव्हतं.

मी उठून किल्ली आणली आणि टेबलावर ठेवली. झालं ते सांगितलं: गाडीचं, ओघळाचं, खंबाटकीचं, किल्लीचंही. पत्र लिहायचं रद्द झालं. संडास मोकळा करून नळ, दिवा, कडी बसवायचं ठरलं. एक सदस्य म्हणाले, "वास येईल." त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "आपल्या घरांत येतो का?" मग कुणी काही बोललं नाही.

दोन दिवसांनी कोजागिरी. दरवर्षीप्रमाणे गच्चीवर दूध आटवलं, चारोळी आणि केशर घातलं, चंद्राचं प्रतिबिंब पातेल्यात पाहिलं. या रात्री लक्ष्मी घरांवरून फिरते आणि विचारते, को जागर्ति, कोण जागं आहे? आम्ही वर्षातून एक रात्र जागतो, तीही बारापर्यंत, आणि तिनं आमच्याकडे यावं अशी इच्छा धरतो. गच्चीच्या कठड्यावरून खाली गेट दिसत होतं. बॅटरीचा उजेड एका गाडीखालून दुसऱ्या गाडीखाली सरकत होता. लक्ष्मीच्या प्रश्नाला आमच्या आवारात कोण उत्तर देत होतं, ते मला दिसलं. मी दुधाचा पहिला पेला घेऊन खाली गेले. मामा म्हणाले, "आधी देवाला दाखवा ताई." मी म्हटलं, "दाखवलाय."

त्या नववीतल्या मुलीला आज मी असं सांगेन: बाळ, देव राखतो हे खरं आहे. पण तो राखतो ते कुणाच्या तरी जागेपणातून. तुझ्या वाट्याला आलेली गाडी, घर, माणसं यांचं क्षेम तुझ्या हातांतून वाहतं आणि तुझं क्षेम दुसऱ्या कुणाच्या. म्हणून कुलूप नक्की लाव. पण आपल्यासाठी कोण जागतंय हे आधी पाहा, आणि तो उपाशी, अवघडलेला, बाहेर उभा तर नाही ना, हेही पाहा. ते न पाहता केलेली प्रार्थना अर्धीच पोचते, असं मला वाटतं.

यंदा खंडेनवमीला मी बाबांचे पाने आणि हवा मोजायचं मीटर पाटावर मांडलं. बॉनेट उघडून डिपस्टिक पाहिली, गाडीखालचा पुठ्ठा पाहिला, कोरडा होता. मग हळदकुंकू घेतलं. मामा जवळ येऊन थांबले. थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "ताई, माझी बॅटरी ठेवू का त्यात?"

मी ती हातात घेतली. बटण दाबलं तर उजेड मंद, पिवळा पडलेला. मी वर गेले, नवे सेल आणून घातले, काच पदरानं पुसली, आणि मग तिला कुंकू लावलं.