दुसरं शील आणि जड नळ

बेसिनचा नळ गळत ठेवणं हा शीलभंग आहे का? मानखुर्दच्या आमच्या पुनर्वसन इमारतीत हा प्रश्न कुणी विचारत नाही. पाण्याचं बिल सोसायटी भरते आणि थेंब गटारात जातो. कुणाचं काही हिरावल्याचं दिसत नाही. पण मी रोज पंचशील म्हणते. न दिलेलं घेऊ नये, हे त्यातलं दुसरं शील. आमचं पाणी येतं भातसा, तानसा, वैतरणेच्या धरणांतून, आणि यातली बरीच धरणं जिथे आहेत त्या शहापूर तालुक्यातल्याच कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. धरण उशाला, कोरड घशाला. सेकंदाला एक थेंब गळाला, वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी महिन्याला जवळपास १३० लिटर जातात. ते आपल्याला वाहून टाकायला दिले होते, असं मी म्हणू शकत नाही.

मग दोष कुणाचा? माझ्या सासूबाईंच्या बोटांना संधिवात आहे. नळ इतका जड झाला होता की त्यांना तो पुरता बंदच करता येईना. घरातले बाकीचे जोर लावून आवळत. त्याने वायसर चिरडतो, खालची पितळी बैठक झिजते, नळ आणखी गळतो आणि बोलणी खावी लागतात ती म्हातारीला. बुद्धांनी कर्माचं मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत सांगितलं. सासूबाईंची चेतना स्वच्छ होती. ज्यांच्या हातात बळ होतं, नळ बिघडलाय हे ज्यांना कळत होतं आणि तरीही जे नुसते रागावत राहिले, शील त्यांचं ढळलं.

प्लंबरने कॉक बंद करून नळ खोलला. स्पिंडलच्या आट्यांवर क्षार साचले होते, ग्रीस वाळून गेलं होतं. बैठकच झिजलेली, तेव्हा नुसता वायसर बदलून भागणार नव्हतं. आम्ही लांब दांडीचा, पाव फेऱ्यात बंद होणारा नळ बसवला. त्यात सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात, आवळावं लागत नाही. सासूबाई आता तो मनगटाने बंद करतात.

शील पाळणं दुबळ्यातल्या दुबळ्या हातालाही जमेल अशी सोय करणं, हासुद्धा शीलाचाच भाग आहे, असं माझं ठाम मत आहे. २० मार्च १९२७ला महाडला बाबासाहेबांनी नुसता सद्भावनेचा उपदेश केला नाही. ते हजारो माणसांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. डिसेंबर २०१४मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की झोपडी अनधिकृत असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. कारण पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मीरा रोडचे लेखक-चित्रकार आबिद सुरती २००७पासून रविवारी प्लंबरला बरोबर घेऊन घरोघरी जाऊ लागले, गळके नळ फुकट दुरुस्त करून देऊ लागले. या तिन्हींत करुणा कृतीत उतरली आहे.

आमच्या भागात आजही कुणी पाण्याचे कॅन विकत घेऊन चढ चढतं. त्यांना काटकसर शिकवण्याआधी त्यांच्या दारात नळजोडणी गेली पाहिजे. आणि ज्यांच्या घरी नळ आहे त्यांनी वंदनेहून परतल्यावर पाना हातात घ्यावा. पाना चालवता येत नसेल, तर प्लंबरला बोलवावं आणि शेजारच्या एकट्या म्हातारीचाही नळ त्याच फेरीत दाखवावा.