शिष्यवृत्तीचे ऋण

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चिंता सुरू होते : पुढच्या शिक्षणाचा खर्च कसा भागवायचा? कोणी पतपेढीकडे जातो, कोणी दागिना गहाण ठेवतो, तर कोणी वाडीचा तुकडा विकायला काढतो. शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र पुष्कळदा कोराच राहतो. ‘आपण कुणापुढे हात का पसरावा?’ असे म्हणून आपण तो विषय मिटवतो. हा स्वाभिमान आदरणीय खरा. परंतु तो एकदा पारखून घ्यायला हवा.

भिक्षा आजची भूक भागवते. शिष्यवृत्ती देणारा विद्यार्थ्याच्या उद्याच्या कर्तृत्वावर विश्वास टाकतो. विश्वास स्वीकारण्यात हीनपणा नाही, उत्तरदायित्व आहे. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली परदेशातील उच्च शिक्षणासाठी जो निधी उभारला, त्यातून विद्यार्थ्यांना कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळते. घेतलेली रक्कम परत करायची असल्याने घेणाऱ्याची मान ताठ राहते आणि मागून येणाऱ्याची वाटही मोकळी राहते.

मग जी शिष्यवृत्ती परत करावी लागत नाही, तिचे ऋण उरतच नाही काय? १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या साहाय्याने भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले. त्या बदल्यात दहा वर्षे बडोदे संस्थानची सेवा करण्याचा करार होता. त्यानुसार १९१७ साली ते बडोद्यास रुजूही झाले. परंतु अस्पृश्य म्हणून त्यांना तेथे राहावयास जागा मिळेना, आणि त्यांना परत फिरावे लागले. करार अपुरा राहिला; ऋण मात्र बुडाले नाही. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. देणाऱ्याच्या हाती परत करता न आलेले ऋण पुढच्या पिढीच्या हाती देता येते, हे आपण यातून शिकावे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे : शिष्यवृत्ती कोणी घ्यावी? गुणवत्तेचा गौरव श्रीमंताच्या मुलानेही आनंदाने स्वीकारावा. चिंतामणराव देशमुखांना १९१२ साली मॅट्रिकला संस्कृतसाठी मिळालेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती अशा गौरवाचीच होती. परंतु जेथे गरज हीच कसोटी आहे, तेथे ऐपत असताना उत्पन्नाचा खोटा दाखला जोडणे ही केवळ सरकारची फसवणूक नव्हे. यादीत एका क्रमाने मागे राहिलेल्या मुलाचे शिक्षण आपण हिरावून घेतो. तो मुलगा आपल्याला दिसत नाही, म्हणूनच हे पाप हलके वाटते.

सरकारी योजना कायमच्या नसतात. अल्पसंख्याक संशोधकांसाठी २००९ साली सुरू झालेली मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती २०२२ साली बंद झाली. म्हणून माहिती वेळेवर पोहोचवणे हेही दानच समजावे. ज्या घरातील मूल शिष्यवृत्तीवर शिकले, त्या घराने शेजारच्या मुलाचा अर्ज भरून द्यावा, कोणते दाखले लागतात ते सांगावे, शेवटची तारीख कळवावी. आणि पहिल्या पगारातून एखाद्याच्या पुस्तकांचा खर्च उचलावा. एवढे आपल्यापैकी प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.