बोटाची साक्ष

नाशिकच्या द्वारका चौकात रोज सकाळी शाळेला जाताना आमची दहा-पंधरा मिनिटे जातात. मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता येथे एकमेकांना भेटतात. डोक्यावर उड्डाणपूल, खाली ट्रक, एसटी, रिक्षा, दुचाक्या आणि त्यांतून वाट काढणारी दप्तरे. या गर्दीत वाहतूक पोलीस हात वर करतो, एक बोट दाखवतो आणि कांद्याने भरलेला ट्रक जागच्या जागी थांबतो. ट्रक थांबवण्याची ताकद त्या बोटात नसते. बोटामागे माणूस असतो, माणसामागे कायदा असतो आणि काही चुकले तर जाब कोणाला विचारायचा हे सर्वांना ठाऊक असते.

आता बोटाच्या इशाऱ्यावर यंत्रे चालण्याचे दिवस आले आहेत. संगणकाशी बोलायला माणसाने आधी कळफलक घेतला. 1968 साली डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'माउस' लोकांसमोर चालवून दाखवला. पुढे 1987 च्या सुमारास अमेरिकेत 'डेटाग्लोव्ह' नावाचा हातमोजा आला. तो घालून बोट वाकवले की पडद्यावरचा हातही बोट वाकवत असे. 2009 साली मूळ गुजरातमधल्या पालनपूरचे, आपल्या पवईच्या आयआयटीत शिकलेले प्रणव मिस्त्री यांनी 'सिक्स्थ सेन्स' जगाला दाखवला. बोटांच्या टोकांना रंगीत टोप्या आणि गळ्यात एक छोटा कॅमेरा व प्रोजेक्टर. दोन्ही हातांच्या बोटांची चौकट केली की समोरच्या दृश्याचा फोटो निघे. आज अशा इशाऱ्यांचे काम एका अंगठीत मावू लागले आहे. 2024 साली बाजारात आलेली सॅमसंगची अंगठी झोप आणि हृदयाचे ठोके मोजते. शिवाय चिमटीसारखी दोन बोटे दोनदा जुळवली की त्याच कंपनीचा मोबाइल फोटो काढतो.

या वस्तूंना नावे ठेवण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. शिंप्याचे अंगुस्तान हेही बोटात घालायचे अवजारच आहे आणि त्याने किती बोटे सुईपासून वाचवली याची गणती नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत काही वर्षांपूर्वी अंधांसाठी एक अंगठी तयार झाली. छापील ओळीवरून बोट फिरवले की ती अंगठी तो मजकूर आवाजात वाचून दाखवते आणि बोट ओळ सोडू लागले की थरथरून सावध करते. ज्याला अक्षर दिसत नाही त्याच्यासाठी ही केवढी नेमत! प्रश्न अंगठी चांगली की वाईट हा नाही. बोटाने केलेल्या कामाची जबाबदारी अंगठीवर टाकता येते का, हा आमचा प्रश्न आहे. आणि तो आमच्या घरात, आमच्या दादीच्या बोटात शिरला म्हणून आम्हाला सुचला.

रमजानच्या दिवसांत मशिदीबाहेरच्या हातगाड्यांवर बोटात अडकवायचे छोटे गणकयंत्र मिळते. रबरी पट्टा, एक बटण आणि आकडा दाखवणारी इवलीशी खिडकी. तसबीहचे मणी ओढण्याऐवजी बटण दाबायचे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे मोबाइलला ब्लूटूथने जोडलेली 'जिक्र रिंग'. ती नमाजच्या वेळी बोटात थरथरते, रोजचे उद्दिष्ट ठरवू देते आणि झालेली गिनती मोबाइलवर साठवते. आखाती देशात नोकरीला असलेल्या आमच्या धाकट्या भावाने दादीसाठी ती पाठवली. घरात सर्वांना कौतुक वाटले. भाऊ व्हिडिओ कॉलवर रोज विचारू लागला, "दादी, आज कितने हुए?" आम्ही मोबाइलवरचा आकडा वाचून दाखवत असू. हजार झाले की घरात टाळ्या पडत.

दोन-तीन आठवड्यांनी दादीने अंगठी काढून आमच्या हातात ठेवली. म्हणाली, "ही नको. मी भाजी निवडता निवडता बटण दाबत होते. तुम्ही टाळ्या वाजवत होता. हजार पूर्ण झाले, पण त्या हजारांत अल्लाहची आठवण एकदाही केली नाही."

आम्ही गप्प झालो. बी.एड.ला आम्ही मापन आणि मूल्यमापन यांतला फरक पाठ केला होता. विद्यार्थ्याला शंभरपैकी किती गुण पडले हे झाले मापन. तो काय शिकला, कसा घडला, हे झाले मूल्यमापन. परीक्षेत त्या उत्तराचे पूर्ण गुण मिळाले होते. पण त्याचा अर्थ शाळेचे तोंड न पाहिलेल्या दादीकडून समजला.

दादी आता पुन्हा बोटांच्या पेरांवर मोजते. चार बोटांची बारा पेरे आणि त्यांवरून फिरणारा अंगठा. आमचे हिंदू शेजारी जप करताना असेच मोजतात, त्याला ते करमाळ म्हणतात. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी स्त्रियांना बोटांवर मोजायला सांगितल्याची हदीस आहे. कारण असे की कयामतच्या दिवशी या बोटांना विचारले जाईल आणि ती बोलतील. हात आणि पाय माणसाच्या कृत्यांची साक्ष देतील, असे कुरआनच्या सूरह यासीनमध्येही आले आहे. या विचाराची खोली आम्हाला त्या अंगठीमुळे कळली. साक्षीदार कोणाला म्हणावे? जो आपल्या विरुद्धही बोलू शकतो त्याला. अंगठी दादीच्या विरुद्ध कधीच बोलली नसती. बटण दाबले की आकडा पुढे, एवढेच तिला कळत होते. तो साक्षीदार नव्हता, तो मालक सांगेल ते वहीत मांडणारा मुनीम होता. दादीविरुद्ध साक्ष दिली ती दादीनेच.

त्याच महिन्यात दुसरी गोष्ट घडली. दादीचे बालपण आणि तरुणपण सिन्नरला विड्या वळण्यात गेले. तेंदूची पाने कापायची, तंबाखू भरायचा, वळायचे, दोरा बांधायचा. चाळीस वर्षांच्या या कामाने तिच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत. रेशन दुकानातल्या यंत्रावर तिने अंगठा ठेवला. यंत्राने नाकारला. तिने हात धुतला, ओढणीला पुसला, दुसरे बोट ठेवले, तिसरे ठेवले. दुकानदार तिला वीस वर्षे 'चाची' म्हणत आलेला माणूस. त्याने मनापासून वाईट वाटून म्हटले, "चाचीला मी ओळखतो हो, पण मशीनने ओळखायला पाहिजे ना!" तीन खेपा झाल्या आणि त्या महिन्याचे धान्य गेले. मोबाइलवर येणारा आकडा सांगून किंवा दुसऱ्या मार्गाने धान्य देण्याची सोय अशा वेळी असते, हे आम्हाला नंतर कळले. त्याला ठाऊक असेल किंवा नसेल. पण शोधावे असे त्यालाही वाटले नाही आणि आम्हालाही.

देशातले पहिले आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. गरिबाला त्याची ओळख मिळावी, मधला दलाल जावा, हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण आमच्या घरात एकाच महिन्यात एकाच हाताच्या बाबतीत काय झाले ते पाहा. एका यंत्राने त्या बोटाचे खोटे काम खरे मानून जमा केले. दुसऱ्या यंत्राने त्याच हाताचे खरे बोट खोटे ठरवले. दोन्ही वेळा यंत्रे बिघडलेली नव्हती. ती सांगितलेले काम चोख करत होती. चूक झाली ती आजूबाजूला उभ्या असलेल्या माणसांची. घरात टाळ्या वाजवणारे आम्ही होतो आणि दुकानात मान हलवून परत फिरणारेही आम्हीच.

अंगठीवर माणसापेक्षा जास्त विश्वास ठेवण्याची ही खोड जुनी आहे. कालिदासाच्या शाकुंतलात दुष्यंतासमोर शकुंतला स्वतः उभी असते, पण तिच्या बोटातली अंगठी शचीतीर्थाच्या पाण्यात पडलेली असते. राजा तिला ओळखत नाही. पुढे कोळ्याला माशाच्या पोटात ती अंगठी सापडते आणि राजाला सगळे आठवते. दुर्वासाच्या शापाची सबब राजाला आहे. आमच्या दुकानदाराला कोणाचा शाप होता? तो तर चाचीला ओळखतही होता! याउलट दुसरी अंगठी पाहा. पैगंबरांची चांदीची मुहर असलेली अंगठी त्यांच्यानंतर हजरत अबू बक्र, हजरत उमर आणि मग हजरत उस्मान (रजि.) यांच्या हातात आली. मदिनेतल्या अरीस नावाच्या विहिरीत ती पडली. पुष्कळ शोधली, सापडली नाही. तरी खिलाफतीचा कारभार थांबला नाही. मुहर ही शब्दाची खूण होती. शब्द देणारा आणि त्या शब्दाचा जाब देणारा माणूस जागेवर होता.

'जबाबदारी' हा शब्द आम्हाला फार आवडतो. मूळ अरबीतला, आमच्या उर्दूतही रुळलेला 'जवाब', पण मराठीने तो असा मुरवून घेतला की परका वाटत नाही. ज्याला जवाब द्यावा लागतो तो जबाबदार. अंगठी मोजू शकते, हुकूम पोहोचवू शकते, वाचूनही दाखवू शकते. जवाब देऊ शकत नाही. म्हणून तिच्या मागे कोण उभे आहे, हे विचारल्याशिवाय ती बोटात घालू नये आणि दुसऱ्याच्या बोटातही घालू नये.

हे लिहिताना दुकानदाराला दोष देऊन मोकळे व्हावे असे वाटले होते. ते जमत नाही. चार वर्षांपूर्वी शाळेत प्रवेशाचे काम आमच्याकडे होते. पाचवीसाठी एक मुलगी आईबरोबर आली. तिच्या आधार कार्डावरचे नाव आणि जन्मदाखल्यावरचे नाव एका अक्षराने वेगळे होते. ऑनलाइन नोंद होईना. आम्ही माउसवर बोट आपटत म्हणालो, "सिस्टीम घेत नाही, उद्या या." तीन दिवस ती आली. चौथ्या दिवशी आली नाही. कागदपत्रांअभावी मुलाला शाळेबाहेर ठेवता येत नाही, हा शिक्षण हक्क कायदा आम्ही बी.एड.ला शिकलो होतो. हजेरीपटावर हाताने नाव लिहून तिला त्याच दिवशी वर्गात बसवता आले असते. आठवड्याने पत्ता काढून गेलो तेव्हा खोलीला कुलूप होते. शेजारीण म्हणाली, मालेगावला गेले. ती मुलगी तिथे शाळेत गेली की नाही, आम्हाला ठाऊक नाही.

त्या वेळी आमच्या बोटात कोणतीही अंगठी नव्हती. साधा माउस होता. पण 'सिस्टीम घेत नाही' म्हणताना आम्ही स्वतःच त्या यंत्राच्या बोटातली अंगठी झालो होतो. पुढे अंगठ्या आणखी लहान होतील, मग कदाचित दिसणारही नाहीत. इशारा केला की दार उघडेल, पैसे जातील, मुलाचे नाव लागेल किंवा लागणार नाही. तेव्हा 'हे मी केले' असे म्हणणारे कोणी उरेल का, याची आम्हाला काळजी वाटते.

दादीची अंगठी सध्या कपाटात आहे. भावाचा फोन आला की दादी सांगते, "चार्जिंग संपले आहे." तेवढे खोटे ती भावाच्या मायेपोटी बोलते आणि त्याचीही तौबा बोटांवर मोजून करते. आमच्या कामाच्या टेबलावर आता एक साधी वही असते. ज्यांची नोंद यंत्र घेत नाही त्यांची नावे आम्ही त्यात हाताने लिहितो, त्यांना वर्गात बसवतो आणि खाली सही करतो. उद्या कोणी जाब विचारला तर तो आम्हालाच विचारावा म्हणून. वहीच्या पहिल्या ओळीत त्या मुलीचे नाव लिहिले आहे. त्यापुढची जागा अजून रिकामी आहे.